प्रवाळाचा उन्हाळा

मार्च संपत आला की आमच्या घरासमोरच्या शाळेत तासांची घंटा थांबते आणि पेपरची घंटा सुरू होते. लोखंडाचा तुकडा तोच, ठोके देणारा माणूसही तोच; पण पेपरची घंटा ऐकली की मी अजून हातातलं काम टाकून उठते. वास्तविक मला निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली. ना कुणाचा पेपर घ्यायचा आहे, ना तपासायचा. तरी त्या ठोक्यांबरोबर कुठून तरी ओल्या गोणपाटाचा वास येतो, वाळ्याचा येतो आणि त्या दोन्हींच्या मागून, बुलढाण्यात दुसऱ्या कुणाला ओळखू येणार नाही असा, खाऱ्या पाण्याचा वास येतो.

मी मूळची जळगाव जामोदची. आमच्या अंगणातून सातपुडा दिसायचा आणि लहानपणी मला वाटायचं, जग तिथंच संपतं. बी. एस्सी. होऊन बुलढाण्याला मुलींच्या शाळेत नोकरीला लागले तोवर मी समुद्र पाहिला नव्हता. नकाशातला निळा रंग तेवढा माहीत. महाराष्ट्र होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. कोकणातली माणसं बदली होऊन वऱ्हाडात येत होती, वऱ्हाडातली कोकणात जात होती आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या जेवणाला नावं ठेवत होती. त्या अदलाबदलीत आमच्या शाळेत सामंतबाई आल्या. त्यांचे यजमान सरकारी कचेरीत होते, त्या मालवणच्या. त्या शिकवायच्या भूगोल, मी शास्त्र. आम्हा दोघींना मिळून एक कपाट होतं.

त्या कपाटात पांढऱ्या दगडाचा एक तुकडा होता. त्याला शेकडो भोकं, मधमाशांच्या पोळ्यासारखी. खाली चिठ्ठी: प्रवाळ, समुद्रातील प्राणी. दर वर्षी मी तो वर्गात फिरवायचे आणि दर वर्षी मुली तो हातात तोलून पुढं द्यायच्या. त्या वर्षी आठवीतली कमल उभी राहिली. मोताळ्याच्या बागाईतदाराची ही मुलगी बुलढाण्याला मावशीकडे राहून शिकत होती. म्हणाली, "बाई, हा प्राणी आहे हे तुम्ही पाह्यलं का?"

मी म्हटलं, "पुस्तकात आहे."

"पुस्तकात तं आहे. तुम्ही पाह्यलं का?"

वर्ग हसला. मी हसले नाही. मला उत्तर देता आलं नाही, ही गोष्ट मी दिवसभर चघळत राहिले. संध्याकाळी सामंतबाईंना सांगितली, तर त्यांनी तो तुकडा हातात घेतला, अंगठ्यानं पुसला आणि म्हणाल्या, "ह्यां मेलेलां गो. जित्यां बघूक होयां तर माझ्या घराक चल दिवाळीक."

मी गेले. समुद्र पहिल्यांदा पाहिला त्याबद्दल मी इथं काही लिहिणार नाही; ते सगळ्यांचं सारखंच असतं. मला आठवते ती ओहोटीची सकाळ. सामंतबाईंचा थोरला भाऊ छातीइतक्या पाण्यात शिरला, बुडी मारली आणि नारळाएवढा एक मातकट गोळा घेऊन वर आला. तो त्यानं पाण्यानं भरलेल्या लाकडी डोणीत ठेवला. गोळा म्हणजे दगडच. आम्ही काठावर उकिडव्या बसून राहिलो. उन्हं डोणीत उतरली आणि त्या दगडाच्या एका बाजूनं काहीतरी सरकलं. एका भोकातून करंगळीएवढा देठ वर आला. त्याच्या टोकाला फूल उमललं, शेवंतीच्या जातीचं, हिरवट तपकिरी, मधोमध फिकट ठिपका. मग दुसरं. मग एकदम पन्नास. अर्ध्या तासात दगड दिसेनासा झाला. फुलांनी गच्च भरलेली एक कुंडी डोणीत ठेवल्यासारखी दिसत होती आणि वारा नसताना ती सगळी फुलं एका अंगाला लवत होती.

मी विचारलं, "हे बुलढाण्याला नेता येईल?"

सामंतबाईंचा भाऊ नुसता हसला. मग माझ्याकडे पाहून त्याचं हसू गेलं. "बाई, ह्यां घाटार जगाचां नाय," तो म्हणाला. "दोन दिवसांत वास मारतलां."

"मी ते जगवीन," मी म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे. माझ्यापाशी ना विद्या होती ना साधनं. पण त्या आठवीतल्या मुलीसमोर मला पुन्हा 'पुस्तकात आहे' म्हणायचं नव्हतं.

आज हे लिहिताना एक गोष्ट सरळ सांगून टाकते. समुद्रातून प्रवाळ काढून आणणं आता कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. तेव्हा तो नव्हता, आणि आम्हालाही तेवढी समज नव्हती.

कसं आणलं ते ऐका. औषधांच्या दुकानातून आणलेल्या, वेताच्या टोपलीत बसवलेल्या मोठाल्या काचेच्या बाटल्या, तीन. त्यात समुद्राचं पाणी. प्रवाळ लोणच्याच्या चिनीमातीच्या बरणीत, तोंडाला ओलं फडकं. सामंतबाईंचा भाऊ, वऱ्हाड बघायचं म्हणून, हमाली करत बरोबर आला. मालवणहून मोटारीनं कोल्हापूर, मग आगगाडीनं पुणे, कल्याण, भुसावळ करत मलकापूर. दर दोन तासांनी मी बरणीतलं पाणी ओगराळ्यानं उचलून वरून धार धरून सोडायचे, त्यात हवा मिसळावी म्हणून. डब्यातल्या माणसांना वाटलं बाई कसलं तरी व्रत करत आहे. एका म्हातारीनं तर बरणीला नमस्कारही केला. मलकापूरहून एस. टी. मोताळ्यावरून राजूर घाट चढायला लागली तेव्हा प्रत्येक वळणाला मी बरणी पोटाशी धरून बसले होते. घाट चढून गाडी बुलढाण्यात शिरली, थंड वारा लागला आणि मी फडकं बाजूला केलं. आत नुसता दगड होता.

माझी खोली गोदाबाईंच्या घरात वरच्या मजल्यावर होती. गोदाबाई चाळिशीच्या, एकट्या, माळकरी. उन्हाळाभर पापड-कुरडयांचं काम करायच्या. गच्ची कायम त्यांच्या ताब्यात. तारऑफिसात एक चौकोनी काचेची टाकी न वापरता पडून होती, जुन्या पद्धतीच्या बॅटरीची. ती मी मागून आणली होती आणि पूर्वेच्या खिडकीत ठेवली होती. त्यात दोन बाटल्यांचं पाणी ओतलं, तळाला मालवणहून आणलेली वाळू आणि शेवाळ लागलेले दोन दगड, आणि त्यांवर प्रवाळ. तिसरी बाटली राखीव. गोणपाटात गुंडाळून खाटेखाली, अंधारात.

गोदाबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. "काय आहे व हे?"

"समुद्रातला जीव आहे."

"मासोळी?"

"नाही हो. फुलासारखं असतं. उमलेल बघा."

"खाते काय ते?"

मी जरा घुटमळले. "सुकटीची पूड. चिमूटभर."

गोदाबाईंनी कपाळाला हात लावला. "माझ्या घरात सुकट येणार नाई बाई. सांगून ठेवते."

प्रवाळ तिसऱ्या दिवशी सकाळी उमललं. मी चहाचा कप हातात धरून खिडकीशी उभी होते. खाली रस्त्यानं भाजीवाल्यांच्या सायकली उतारावरून चालल्या होत्या, आणि माझ्यासमोर, समुद्रापासून इतक्या लांब, त्या दगडातून पहिला देठ वर आला. मी मोठ्यानं हाक मारली. गोदाबाई पिठाचे हात घेऊन वर आल्या. हात पदराला पुसले, टाकीशी वाकल्या. मग म्हणाल्या, "हे तं वारा लागल्यासारखं हालून राह्यलं व." सुकटीचं मात्र नावही काढू दिलं नाही. मी सुकटीची पूड शाळेच्या कपाटात ठेवायचे आणि कागदाच्या पुडीत चोरून आणायचे.

मग सुरू झालं ते शिकणं. शिकवणारं कुणी नव्हतं. हवेसाठी मालमोटारीच्या चाकाची जुनी ट्यूब मिळवली; सायकलच्या पंपानं ती फुगवायची, तिला दवाखान्यातली सलाईनची नळी जोडायची, नळीला चिमटा लावायचा. ट्यूब पोट आवळत जायची आणि पाण्यात बुडबुड्यांची एक बारीक माळ वर चढत राहायची. पाणी आटलं की खार वाढतो. तो मोजायला काय करावं? दूध तपासायचा लॅक्टोमीटर आणला. समुद्राच्या पाण्यात तो पंचविसाच्या खुणेपाशी तरंगतो, हे मी राखीव बाटलीतल्या पाण्यावर पाहून घेतलं. वर गेला की उकळून गार केलेलं गोडं पाणी घालायचं. आमचा दूधवाला एकदा वर आला, त्यानं टेबलावर लॅक्टोमीटर पाहिला, आणि त्या दिवसापासून आम्हाला मिळणारं दूध सुधारलं. मी त्याला खरं कारण कधीच सांगितलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मुली यायच्या. चार-चार जणी टाकीभोवती. कमल भिंग घेऊन बसायची. एकदा म्हणाली, "बाई, एका फुलाले चोवीस पाकळ्या आहेत."

मी म्हटलं, "सहाच्या पटीत असतात. तुझी चूक होत असेल, अठरा मोज."

तिनं पुन्हा मोजल्या. दुसऱ्या फुलाच्या मोजल्या. तिसऱ्याच्या. मग भिंग माझ्या हातात दिलं. चोवीस होत्या. चोवीसही सहाच्याच पटीत बसतात हे तिनंच मला दाखवून दिलं, आणि मला इतकं बरं वाटलं की मी त्या दिवशी सगळ्यांना पेरू कापून दिले.

फेब्रुवारीत शाळेच्या संस्थेची बैठक झाली. अध्यक्ष होते आबासाहेब, जमीनदार माणूस, आवाज मोठा, मन वाईट नव्हे. त्यांनी आम्हाला सांगितलं की पुढच्या जूनपासून नववीला मुलींसाठी शास्त्र ठेवायचं की नुसतं गृहशास्त्र, हे ठरवायचं आहे. "पंधरा पोरींची नावं आली तं शास्त्राचा वर्ग. नाई तं बंद. चार पोरींसाठी खोली अडवून ठेवायची काऊन?" तेव्हा माझ्याकडे नावं होती सहा. घरोघरी जाऊन मी विचारलं, तर बायका पाणी द्यायच्या, गूळ द्यायच्या आणि म्हणायच्या, "शास्त्र शिकून पोरगी काय करन जी?" मी गूळ खाऊन परत यायचे. मग एकदा मी म्हटलं, "या रविवारी माझ्या खोलीवर या. मुलीला घेऊन या. तिथं सांगते." आणि लोक यायला लागले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सामंतबाईंच्या यजमानांची बदली चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला झाली. सामान बांधून झाल्यावर त्या माझ्या खोलीवर आल्या, टाकीपाशी उभ्या राहिल्या, एक बोट पाण्यात बुडवून जिभेला लावलं. डोळे भरून आले, पण बाई पक्की. "आता तू आणि तां," एवढंच म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

पेपर सुरू झाले. बुलढाणा घाटावरचं, जिल्ह्यातलं थंड हवेचं गाव; तरी वैशाख तो वैशाखच. वर्गात मुली घाम पुसत उत्तरं लिहायच्या आणि मी पहारा करता करता खिडकीतल्या टाकीचा विचार करायचे. शाळेचा थर्मामीटर मी टाकीत टांगला होता. तिशीच्या वर पारा गेला की देठ आखडायला लागायचे. मी टाकी एका पसरट मातीच्या कुंडात ठेवली, भोवती ओली वाळू भरली, काचेला ओलं गोणपाट गुंडाळलं, दुपारपुरती खिडकीवर वाळ्याची ताटी. माठातलं गार पाणी बाटल्यांत भरून बुचं घट्ट लावून त्या बाटल्या टाकीत तरंगत सोडायच्या, अर्ध्या तासानं बदलायच्या. सकाळचे पेपर सुटले की दुपारी बारा ते चार. रोज. पेपर तपासायचे ते त्या बाटल्या बदलता बदलता. माझ्या त्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांवर पाण्याचे डाग होते आणि मी ते कुणाला समजावून सांगत बसले नाही.

माझ्या आईचं पत्र आलं: त्या निर्जीव भांड्यापायी तू सुट्टीला घरी येत नाहीस हे बरं नव्हे. मी उलट लिहिलं की ते सजीव आहे.

त्याच दिवसांत कमलचे वडील आले. नामदेवराव. मोताळ्याहून आठवड्याच्या बाजाराला भाजी आणायचे. वांगी, मिरच्या, कोथिंबीर. डोक्यावर फेटा, हातात एक मोठी कॅन. ती त्यांनी जिन्यावरून धापा टाकत वर आणली. "बाई, कमल म्हणे तुमाले खारं पाणी लागते. मी लोणारले गेल्तो सोयऱ्याकडे. तलावाचं पाणी आणलं. अस्सल खारं आहे, तोंडात धरवत नाई."

मी कॅन त्यांच्या हातातून घेतली. एवढ्या लांबून एस. टी. त मांडीवर कॅन घेऊन आलेला माणूस. त्यांना नाही म्हणवेना. मी एका परीक्षानळीत ते पाणी घेतलं, त्यात शाळेतल्या बाटलीतले, सोडा दाखवणाऱ्या रसायनाचे दोन थेंब टाकले. नळी गर्द गुलाबी झाली. मग टाकीतलं पाणी घेतलं, त्यातही दोन थेंब टाकले. फिकट, दिसेल न दिसेल असा गुलाबी.

"म्हणजे दोन खार येगळे?" नामदेवराव म्हणाले.

"हो. लोणारच्या पाण्यात सोडा फार. त्यात हे दोन तासही जगणार नाही."

ते नाराज झाले नाहीत. नळी उजेडात धरून उभे राहिले. "आमच्या दोन विहिरींचं असंच आहे. एकीच्या पाण्यावर मिरची होते, दुसरीच्या पाण्यावर पिवळी पडते. मले वाटे नजर लागली." मग नळी मला परत देत म्हणाले, "हे दोन थेंब कमलले शिकवता काय तुम्ही?"

"शास्त्राचा वर्ग झाला तर शिकवीन."

"मंग लिहा तिचं नाव." तिचं नाव आधीच लिहिलेलं होतं. मी त्यांच्यासमोर पुन्हा एकदा लिहिलं.

मेच्या मध्यावर माझ्या धाकट्या भावाचं लग्न होतं. दोन दिवस जळगाव जामोदला जाणं टाळता येणार नव्हतं. टाकी कोण बघणार? गोदाबाईंनी स्वतःहून सांगितलं, "मी पाहीन. बाटल्या बदलायच्या, ट्यूब फुगवायची, पाणी उतरलं तं घालायचं. मले रोज दिसतेच ना." मी निर्धास्त गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी परत आले तर गोदाबाई माझ्या दारात बसलेल्या. उठल्या नाहीत.

टाकीत दगड होता. एकही देठ बाहेर नव्हता. कडेला पारदर्शक, शेंबडासारखं काहीतरी लोंबत होतं.

"काय झालं?"

"मी काईच केलं नाई व बाई. काल पाणी उतरलं म्हणून घातलं. शुद्ध म्हणून मुद्दाम तांब्याच्या हंड्यातलं घातलं. देवाले घालतो तेच."

मला ओरडायचं होतं. तांबं या जातीच्या जिवांना विष असतं हे मी वाचलं होतं, आणि त्यांना सांगायला विसरले होते. चूक माझी होती. तेवढं कळण्याइतकी शुद्ध मला राहिली. मी खाटेखालून तिसरी बाटली ओढून काढली. गोदाबाईंनी पदर खोचला. आम्ही दोघींनी टाकीतलं जवळजवळ सगळं पाणी मगानं उपसलं, राखीव पाणी सावकाश, धार अंगावर पडू न देता, ओतलं. टाकी पुरती भरली नाही. प्रवाळ बुडेल एवढं पाणी कसंबसं झालं. आता जवळ थेंबही उरला नव्हता. आणखी एक चूक झाली तर संपलं.

चार दिवस ते बंद राहिलं. चार दिवस आम्ही दोघी आळीपाळीनं बाटल्या बदलत होतो. गच्चीवर कुरडया वाळून कडक झाल्या, कुणी उतरवल्या नाहीत. माझ्याकडे येऊ पाहणाऱ्या आईबापांना मी सांगितलं, आठ दिवसांनी या. आत कुठंतरी मला ठाऊक होतं की हे गेलं तर यादीही जाणार. लोक म्हणतील, बाईचा दगड तो दगडच निघाला. तरी त्या चार दिवसांत मी यादीचा विचार फारसा केला नाही. मी फक्त थर्मामीटर पाहत होते आणि पुढची बाटली भरत होते. माणूस हट्टाला पेटतो म्हणजे नेमकं काय करतो, हे मला तेव्हा समजलं: तो पुढची बाटली भरतो.

पाचव्या दिवशी सकाळी गोदाबाईंनी हाक मारली. दगडाच्या एका बाजूला सात देठ वर आले होते. आखूड, फिकट, पण उमललेले. दुपारपर्यंत अर्धं अंग उमललं. दुसरी बाजू मात्र कायमची बोडकी राहिली. गोदाबाई खाली गेल्या, हातपाय धुतले, परत वर आल्या आणि म्हणाल्या, "आण ते तुझं वासाचं. आजारातून उठलं, खाईल काईतरी. पण माझ्या खलबत्त्यात नाई कुटायचं, हां."

मेच्या शेवटी आबासाहेब आले. मी बोलावलं नव्हतं. गावात इतकी चर्चा झाली म्हणून आले. बरोबर संस्थेचे दोघं. खोलीत खुर्ची एकच, ती त्यांना दिली. ते बसले नाहीत. टाकीपाशी वाकले, चष्मा वर केला. "हे काचेच्या फुलावानी दिसते. खरं आहे काय? का बसवलं आहे?"

"खरं आहे."

"प्राणी?"

"प्राणी."

मी काही म्हणायच्या आत त्यांनी बाही वर सारून हात पाण्यात घातला आणि एका फुलाला बोट लावलं. ते फूल झटक्यात आत गेलं. त्याच्या शेजारचं गेलं, त्याच्या शेजारचं गेलं, आणि कुणी कानात सांगत सुटावं तशी ती हालचाल साऱ्या गोळ्यावरून पसरत गेली. दोन श्वासांत आबासाहेबांच्या बोटाखाली मुका दगड राहिला.

त्यांनी हात असा मागं ओढला की पाणी माझ्या अंगावर उडालं. "जित्तं आहे!" ते म्हणाले. मग आपल्या बोटाकडे पाहत राहिले. बाकीचे दोघं हसले. ते हसले नाहीत. बाही खाली न करताच जिना उतरले.

जूनच्या बैठकीला मी यादी घेऊन गेले. तेरा नावं होती. दोन मुलींची लग्नं ठरली म्हणून कमी झाली होती. सगळा उन्हाळा घालून तेरा. मी बोलायची वाक्यं पाठ करून गेले होते, ती तिथं पोहोचेपर्यंत विसरले.

आबासाहेबांनी यादी वाचली. "पंधरा म्हटलं होतं."

"तेरा आहेत," मी म्हटलं. "तेरांना खोली लागेलच ना. पंधरांना लागली असती तेवढीच."

एक सदस्य म्हणाले, "नियम म्हणजे नियम."

आबासाहेब कागदाकडे पाहत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "मी हात लावला त्यानं काई झालं तं नाई ना त्याले?"

"नाही. दोन तासांनी उमललं."

"मले तेच वाटून राह्यलं होतं रोज." मग त्यांनी कागदावर सही केली. "चालू द्या तेरांचा वर्ग."

हे सांगून थांबता आलं असतं तर बरं होतं. पण झालं ते असं. उन्हाळा आम्ही निभावला, पावसाळा निभावला नाही. श्रावणात झड लागली. दहा-बारा दिवस सूर्य दिसला नाही. हा जीव उन्हावरही जगतो, त्याच्या अंगात उन्हावर वाढणारं काही वसतं, हे मी पुढं कितीतरी वर्षांनी वाचलं. मला तेव्हा एवढंच दिसलं की देठ रोज थोडे आखूड होत आहेत. सुकट दिली, पाणी ढवळलं, कंदील जवळ ठेवून पाहिला. एका सोमवारी टाकीला तो वास आला, जो सामंतबाईंच्या भावानं दोन दिवसांत येईल म्हणून सांगितलं होतं. नऊ महिने लागले त्याला यायला.

परवा माझ्या भाच्याच्या मुलानं पुण्याहून फोनवर त्याची टाकी दाखवली. निळा दिवा, पाणी थंड ठेवणारं यंत्र, तयार मिठाच्या पिशव्या. आत त्याच जातीचं प्रवाळ, प्रवाळाच्याच तुकड्यापासून कुणीतरी वाढवलेलं. म्हणाला, "आजी, हे सगळ्यात अवघड. वर्ष काढलं तरी लोक शाबासकी देतात." मी त्याला म्हटलं, टाकीजवळ तांब्याचं भांडं नेऊ नकोस. तो हसला, त्याला ते आधीच ठाऊक होतं.

त्या सोमवारी मी वर्गात खरं सांगितलं. प्रवाळ मेलं. तेरा मुली समोर बसलेल्या. मला वाटलं कुणी रडेल. कमल उभी राहिली.

"बाई, आपण त्याले इथं आणाले नव्हतं पायजे."

एवढा उन्हाळा, एवढ्या बाटल्या, आणि ही मुलगी मला हे सांगते? मी फळ्याकडे वळून खडू शोधत राहिले. खडू समोरच होता. वळले तेव्हा ती उभीच होती, घाबरलेली, पण खाली बसली नव्हती.

"बरोबर आहे तुझं," मी म्हटलं. "चुकलं माझं. आता आणायचं नाही. दिवाळीला आपण जायचं."

बोलून गेले, आणि मग ते खरं करण्यात दोन महिने गेले. तेरा घरांतून पाच मुलींना परवानगी मिळाली, तीही नामदेवराव सोबत येतो म्हणाले म्हणून. ते वांग्यांची एक टोपली घेऊन निघाले, सामंतबाईंच्या माहेरी रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून. चांद्याहून सामंतबाईही आल्या.

ओहोटीच्या सकाळी त्यांच्या भावानं आम्हाला खडकांवर नेलं. गुडघाभर स्वच्छ पाण्याचं एक डबकं होतं आणि त्याच्या तळाशी, आपापल्या जागी, सहा-सात प्रवाळं उमललेली होती. आमच्याकडच्यापेक्षा दुप्पट मोठी. पाचही मुली खडकावर पोटावर झोपल्या, हनुवट्या पाण्याला टेकवून. कुणी हात घातला नाही. मी सांगितलं नव्हतं.

नामदेवराव धोतर वर धरून त्याच डबक्याच्या दुसऱ्या टोकाला पाण्यात उतरले होते. समोर समुद्राकडे पाहत होते, जिकडे काहीच संपत नव्हतं. जरा वेळानं त्यांनी हाक मारली, "कमल, कोठवर आहे व हे?" आणि एक पाऊल पुढं टाकलं.

"थांबा बाबा," कमल मान वर न करता म्हणाली. "हालू नका. पाणी ढवळते."

उभ्या आयुष्यात मुलीनं त्यांना असं सांगितलं नसेल. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांनी उचललेला पाय हळूच होता तिथं ठेवला, धोतर दोन्ही हातांनी गुडघ्यावर घट्ट धरलं, आणि ती पाहून होईपर्यंत तो माणूस समुद्रात निश्चल उभा राहिला.